१९४२ सालचं पान: घडलं कधी आणि कळलं कधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. तुमच्या वडिलांचा जन्म १९४२चा, वाळवा तालुक्यातल्या एका गावातला. घरच्यांसाठी १६ पानांची पुस्तिका छापायची आहे आणि त्यातली दोन पानं ‘त्या वर्षी काय घडलं, कोण जन्मलं’ यासाठी ठेवली आहेत. इंटरनेटवरून दीडशेच्या आसपास नोंदी जमल्या, पण तीन याद्यांत तीन वेगळ्या तारखा निघाल्या. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १९४२ आहे. आजी मात्र सांगायची की पिठोरी होऊन दोन दिवस झाले होते, तालुक्याला गोळ्या झाडल्या होत्या आणि गावातली तरणी माणसं रानात लपली होती. तुम्ही विचारलंय, यातलं काय ठेवू आणि काय गाळू?

मी पंचवीसेक वर्षं एका दैनिकात दिनविशेषाचं सदर सांभाळलं. आता शाळांच्या शताब्दी स्मरणिका आणि घराण्यांचे इतिहास करून देतो. त्यामुळे हा घोळ माझ्या ओळखीचा आहे. तुमची यादी मी वाचली. ती चुकीची म्हणता येणार नाही, पण ती कुणाचीच नाही. लंडनला बसलेल्या माणसालाही तीच चालेल, टोकियोतल्यालाही. त्यामुळे ती वाचताना रेल्वेचं वेळापत्रक वाचल्यासारखं होतं. मी अशा प्रत्येक नोंदीला दोनच प्रश्न विचारतो. हे घडलं कधी? आणि ज्या घरासाठी मी लिहितोय त्या घरात हे कळलं कधी? युद्धाच्या वर्षात या दोन उत्तरांत दिवसांचं नाही, वर्षांचं अंतर पडतं.

तुमच्या यादीतल्याच नोंदी घेऊ. २० जानेवारी १९४२ला बर्लिनजवळ वानझे इथे नाझी अधिकाऱ्यांची बैठक झाली आणि युरोपातल्या ज्यूंच्या संहाराची व्यवस्था ठरली. त्या बैठकीचं टिपण हाती लागलं १९४७मध्ये. २ डिसेंबर १९४२ला शिकागोत एका स्टेडियमच्या प्रेक्षकसज्जाखाली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया झाली. हिरोशिमावर बॉम्ब पडेपर्यंत बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता नव्हता. १२ जून १९४२ला अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका मुलीला तेराव्या वाढदिवसाला एक वही मिळाली. अ‍ॅन फ्रँक हे नाव तेव्हा तिच्या शाळेबाहेर कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. या तिन्ही नोंदी आज आपल्याला त्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या वाटतात. पण तुमच्या आजीच्या १९४२मध्ये त्या नव्हत्याच.

मग त्या गाळायच्या का? ते पुस्तिका कोण वाचणार यावर आहे. नातवंडं परदेशात असतील आणि त्यांना आजोबांचं वर्ष जगाच्या नकाशावर बघायचं असेल, तर ठेवा, पण ‘हे नंतर कळलं’ असा वेगळा रकाना करून ठेवा. गावातल्या भावकीत वाटायची असेल, तर त्या जागेत गावाचं जास्त बसेल. मी स्वतः सहसा चारपाच ‘नंतर कळलेल्या’ नोंदी ठेवतो. वाचणारा तिथे थबकतो, एवढ्यासाठी.

आता त्या घरात खरंच पोचलं असेल ते बघू. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. ८०,०००च्या आसपास सैनिक शरण गेले, त्यातले ४०,०००च्या वर हिंदी. ८ मार्चला रंगून गेलं, ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला आणि ब्रह्मदेशातले हिंदी लोक जंगलवाटांनी पायी परत यायला लागले. मार्चमध्येच जपान्यांनी अंदमान घेतलं. ६ एप्रिलला विशाखापट्टणमवर बॉम्ब पडले. ब्रिटिश मंत्री क्रिप्ससाहेब तडजोडीचा प्रस्ताव घेऊन मार्चअखेर दिल्लीत आले आणि एप्रिलच्या मध्याला रिकाम्या हाताने परतले. मुंबईत दिवे झाकले जात होते आणि शहरातली बायकापोरं गावी पाठवली जात होती. गावात बातमी कशी पोचली याचं उत्तर इथे मिळतं. मुंबईच्या गिरणीतला चुलता दोन ट्रंका घेऊन दारात उभा राहिला की युद्ध आलं.

सातारा जिल्ह्याच्या याद्यांत (वाळवा तेव्हा साताऱ्यातच होता) एक नोंद हटकून सुटते, ती मी आवर्जून घालतो. २१ जून १९४२, उत्तर आफ्रिकेतलं टोब्रुक. जगाच्या यादीत ती जर्मन सेनापती रोमेलचा विजय म्हणून येते. पण त्या किल्लेबंदीत मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटणही अडकली होती आणि युद्धकैदी झाली. तुमच्या भागातली पोरं त्या रेजिमेंटमध्ये भरती व्हायची. भावकीत कुणी ‘आफ्रिकेच्या लढाईत होता’ असं कानावर असेल, तर चौकशी करा. मुसोलिनी आणि चर्चिलच्या दहा नोंदींपेक्षा ती एक ओळ तुमच्या पानाला जास्त शोभेल.

तारखा न जुळण्याचं म्हणाल, तर त्याची कारणं ठरलेली आहेत. ओळखता आली की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

पहिलं कारण वर्तमानपत्राची तारीख. पूर्वी दिनविशेष बनवणारे जुन्या अंकांवरून नोंदी काढायचे, आणि अंकावर ९ तारीख असली तरी आतली घटना ८ची असायची. मीही सुरुवातीच्या काळात हे केलंय, आणि एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मूळ कात्रण घेऊन कचेरीत येऊन मला ते दाखवलंय. ‘चले जाव’ ठरावाचंच बघा. काँग्रेस महासमितीचं अधिवेशन ७ आणि ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँक मैदानावर झालं. ठराव मंजूर झाला ८च्या रात्री. धरपकड झाली ९च्या पहाटे. अरुणा असफ अलींनी त्याच मैदानावर झेंडा फडकवला तो ९च्या सकाळी, रविवारी. म्हणजे एका यादीत ८ आणि दुसरीत ९ असेल, तर दोन्ही बरोबर असू शकतात. फक्त ८ला ठराव आणि ९ला अटका असं सुटं लिहा. ‘८ ऑगस्टला गांधीजींना अटक’ असं कुठे दिसलं तर तेवढं खोडा.

दुसरं कारण पृथ्वी गोल असल्याचं. पर्ल हार्बरचा हल्ला हवाईत ७ डिसेंबर १९४१ला झाला. मलायातलं जपानी सैन्य किनाऱ्यावर उतरलं ८ डिसेंबरला, आणि गंमत म्हणजे प्रत्यक्षात तासभर आधी. मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे. पॅसिफिकमधल्या कुठल्याही नोंदीत एक दिवसाचा फरक दिसला तर घाबरू नका. ज्या जागेची घटना, त्या जागेची तारीख धरा आणि पुढे जा.

तिसरं कारण सगळ्यांत गुंतागुंतीचं, आणि तुमच्या वडिलांच्या तारखेशी त्याचा थेट संबंध आहे: तिथी, शाळा आणि घड्याळ.

शाळेपासून सुरू करतो. एका शताब्दी स्मरणिकेसाठी मी एका गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर चाळत होतो. कापडी पाठीचं, कोपरे वाळवीने खाल्लेले. १९४८च्या जून महिन्याच्या पानावर ओळीने अकरा मुलांची नावं होती. त्यातल्या नऊजणांच्या जन्मतारखेच्या रकान्यात १-६-४२. एकच हात, एकच शाई, आणि खालच्या खाली तीच तारीख लिहून कंटाळल्यामुळे सहाव्या ओळीपासून चक्क दोन टिंबं. दहाव्या मुलाची तारीख १५ जुलै आणि पुढे शेरा, ‘पालकांनी पत्रिका दाखवली’. आता कळलं? जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, पहिलीत घ्यायला सहा पूर्ण लागायचे. पोराकडे बघून, आईला दोन प्रश्न विचारून गुरुजी मागे मोजायचे आणि १ जून टाकायचे. दिनविशेषात १ जूनच्या रकान्यात मराठी माणसांचे वाढदिवस मावायचे नाहीत, त्याचं कारण हे. म्हणून शाळेच्या दाखल्यावरचा १ जून दिसला की मी त्याला ‘नोंदलेली तारीख’ म्हणतो, ‘जन्मतारीख’ म्हणत नाही.

आता आजीचं म्हणणं. ‘पिठोरी होऊन दोन दिवस.’ ही फार मोलाची खूण आहे, कारण बायका सणावरून सांगतात तेव्हा सहसा चुकत नाहीत. वर्ष चुकेल एखादवेळी, सण चुकत नाही. तुम्ही पिठोरी १२ ऑगस्टला धरून जन्म १४ ऑगस्ट काढलात आणि मग ‘तालुक्याला गोळ्या’ कुठे बसेना म्हणून अडलात. चूक कुठे झाली सांगतो. १९४२मध्ये, म्हणजे शके १८६४, चित्रभानू संवत्सरात, अधिक ज्येष्ठ होता. मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत अधिक, आणि मग निज ज्येष्ठ. त्यामुळे पुढचे सगळे सण महिनाभर लांबले. १२ ऑगस्टची अमावास्या ही आषाढाची. श्रावणातली, म्हणजे पिठोरी, पडली १० सप्टेंबरला, गुरुवारी.

आणि १० सप्टेंबर १९४२ ही तारीख तुमच्या तालुक्यात कुणालाही विचारा. इस्लामपूरच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि त्यावर गोळीबार झाला, तो हाच दिवस. आदल्या दिवशी, ९ सप्टेंबरला, वडूजच्या मोर्चावर गोळ्या चालल्या होत्या. त्याच ९ तारखेला तिकडे नंदुरबारला पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती पडले. नेत्यांच्या अटकेला त्या दिवशी बरोबर महिना झाला होता. तुमच्या आजीची वाक्यं आता एकाखाली एक ठेवा: पिठोरी, तालुक्याच्या गोळ्या, दोन दिवस. शनिवार, १२ सप्टेंबर १९४२. तीन वेगळ्या दोऱ्या एकाच खुंटीला येऊन बसतात. माझ्या एवढ्या वर्षांच्या कामात इतकं नेमकं जुळलेलं मी थोड्याच वेळा पाहिलंय. तरीही पुस्तिकेत ‘घरच्या आठवणीप्रमाणे’ हे शब्द ठेवा, कारण ‘दोन दिवस’ म्हणजे पिठोरीचा दिवस धरून की सोडून, हे आता आजीला विचारता येणार नाही. ११ किंवा १२, एवढी सैल जागा राहू द्या.

कागदपत्रांवरची तारीख बदलायच्या भानगडीत मात्र पडू नका. पेन्शन, आधार, बँक सगळं १ जूनवर उभं आहे. दोन्ही तारखा शेजारी शेजारी छापा. आमच्या पिढीत निम्म्या घरांत दोन वाढदिवस असतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

पत्रिका करायची असेल तर आणखी एक पाचर आहे. १ सप्टेंबर १९४२पासून १५ ऑक्टोबर १९४५पर्यंत युद्धामुळे आपल्याकडे घड्याळं एक तास पुढे केलेली होती. त्या काळातली घड्याळावरून सांगितलेली जन्मवेळ जुने ज्योतिषी एक तास वजा करून घेतात. त्यात मुंबईचा जन्म असेल तर आणखी मजा, कारण तिथे बरेच लोक मुंबईची स्वतःची, म्हणजे प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागची वेळ धरून चालायचे. अर्थात तुमच्या आजीच्या खोलीत घड्याळ असेल असं मला वाटत नाही. ‘कोंबडं आरवलं तेव्हा’ असं सांगितलेलं असेल, तर काहीच वजा करायला नको. कोंबड्याला सरकारी हुकूम लागू नव्हता.

आता ‘बेचाळीस’ या शब्दाबद्दल. याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या यादीतल्या पाच चुका या एकाच ठिकाणाहून आल्यात. सातारा-सांगलीकडे बेचाळीस हे नुसतं साल नाही, ते चळवळीचं नाव आहे. म्हातारी माणसं ‘बेचाळीसात’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर ऑगस्ट १९४२पासून १९४६पर्यंतचा सगळा काळ असतो. तुम्ही शेणोलीची रेल्वे लूट १९४२मध्ये टाकलीत, ती झाली ७ जून १९४३ला. चिमठाण्याला सरकारी खजिना लुटला तो १४ एप्रिल १९४४ला, आणि तेही खानदेशात जाऊन. नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४२च्या यादीत ‘स्थापना’ म्हणून घातलंत. १९४२च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मोर्चे झाले, ते गोळ्यांनी मोडले, लोक भूमिगत झाले, आणि त्या भूमिगतांतून प्रतिसरकारची घडी १९४३मध्ये बसली. भाई कोतवाल सिद्धगडावर पडले तो दिवस २ जानेवारी १९४३. दोनच दिवसांनी साल चुकतं, पण चुकतं. पुण्याच्या कॅपिटॉल थिएटरमधला बॉम्ब २४ जानेवारी १९४३चा.

म्हणून घरातल्या मोठ्यांनी ‘बेचाळीसात आपल्या घरी भूमिगत जेवायला यायचे’ असं सांगितलं, तर ते वाक्य जसंच्या तसं अवतरणात घ्या आणि त्याला तारीख चिकटवू नका. वडील तेव्हा पाळण्यात होते की रांगत होते, हे तुम्हाला सांगता येणार नाही आणि सांगायची गरजही नाही. असंच भोकाच्या पैशाचं. १९४२च्या पानावर तुम्ही त्याचं चित्र लावणार आहात, पण भोक पाडलेला पैसा आला १९४३मध्ये. मुंबईतलं धान्याचं रेशनिंगही १९४३च्या मे महिन्यातलं. १९४२मध्ये टंचाई होती, रॉकेलच्या बाटलीसाठी पायपीट होती, पण कार्ड नव्हतं.

जागांच्या नावांनाही हाच न्याय. १९४२मध्ये महाराष्ट्र नावाचं राज्य नव्हतं. चिमूर आणि आष्टीचे १६ ऑगस्टचे उठाव मध्यप्रांतात झाले, इस्लामपूर मुंबई इलाख्यात, मराठवाडा निजामाकडे आणि कोल्हापूर छत्रपतींकडे. ‘महाराष्ट्रात ठिकठिकाणी’ असं लिहिलंत की चार वेगवेगळी सरकारं एका वाक्यात गडप होतात. पुस्तिकेत इतकं काटेकोर असायची गरज नसेलही, पण वडिलांच्या जन्मगावापुढे तरी ‘सातारा जिल्हा’ लिहा, कंसात हवं तर आजचा सांगली.

ऑगस्टच्या गदारोळात जुलै हरवतो, तेही सांभाळा. १८ ते २० जुलैला नागपुरात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्याच जोडीने सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची स्वतंत्र परिषद झाली. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. तुमच्या तिन्ही याद्यांत हे नाही. गावाच्या एका भागात तेव्हा हीच वर्षातली सगळ्यात मोठी बातमी असणार.

बातम्या दाबल्या जात होत्या, हेही कुठेतरी एका ओळीत येऊ द्या. १६ ऑक्टोबरला बंगालच्या मेदिनीपूर भागात वादळाने हजारो माणसं गेली, आणि शत्रूला फायदा होईल म्हणून ती बातमी सरकारने बराच काळ बाहेर येऊ दिली नाही. उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांचं गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरला पकडले जाईपर्यंत चाललं, ते याच कोंडीमुळे. तुमच्या गावात रेडिओ संच असण्याची शक्यता कमी. बातमी एस.टी.ने आली असंही लिहू नका. एस.टी. स्वातंत्र्यानंतरची.

जे घडलं नाही तेही कधीकधी वर्ष नीट दाखवतं. १९४२ला फुटबॉलचा विश्वचषक व्हायचा होता, झाला नाही. नोबेल पारितोषिकं त्या वर्षी एकाही विषयात दिली गेली नाहीत. अशा दोन ओळी टाकल्या की वाचणाऱ्याला युद्धाची लांबीरुंदी कळते.

राहिले जन्म. इथे माझं मत जरा कडक आहे. प्रसिद्ध व्यक्तीचा जन्म ही त्या वर्षाची घटना नसते. ११ ऑक्टोबर १९४२ला अलाहाबादेत एक मूल जन्मलं, त्याचं नाव अमिताभ, हे त्या दिवशी बच्चन कुटुंबापलीकडे कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. त्यामुळे जन्मांची वेगळी जंत्री देण्याऐवजी मी त्यांना ‘वडिलांच्या वर्गातली मुलं’ म्हणून मांडतो. ३० मार्चला वसंत आबाजी डहाके. २४ मेला पुण्यात माधव गाडगीळ, म्हणजे त्या अधिक ज्येष्ठातच. २३ जूनला पंढरपुरात जब्बार पटेल. सिनेमाची आवड असलेल्यांसाठी जितेंद्र (७ एप्रिल), आशा पारेख (२ ऑक्टोबर), राजेश खन्ना (२९ डिसेंबर). बाहेरच्यांत मुहम्मद अली (१७ जानेवारी) आणि स्टीफन हॉकिंग (८ जानेवारी) पुरेत. पन्नास नावं घातलीत तर एकही लक्षात राहणार नाही. आठदहा घ्या, आणि वडिलांना ज्यांच्याबद्दल दोन शब्द बोलायचे असतील तीच घ्या. त्यांनी मुहम्मद अलीची लढत कधी पाहिली नसेल, तर अलीला रजा.

जन्मतारखांत बनवाबनवीही असते. तुमच्या यादीत किम जाँग इल १६ फेब्रुवारी १९४२ला पवित्र डोंगरावर जन्मला असं आहे. ती उत्तर कोरियाची सरकारी कथा. सोव्हिएत नोंदींप्रमाणे तो १९४१चा, आणि जन्म सैबेरियाकडच्या एका लष्करी तळावरचा. वडिलांच्या जन्माचा पाया पडताळून पाहणाऱ्याने ही नोंद तशीच छापू नये.

टाळी घेणाऱ्या योगायोगांकडेही जरा संशयाने बघा. हॉकिंग जन्मला तो गॅलिलिओच्या मृत्यूला बरोबर ३०० वर्षं झाली त्या दिवशी, हे खरं आहे. पण त्याला जोडून ‘गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला’ असंही तुम्ही घेतलंय. इंग्लंडच्या तेव्हाच्या जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे न्यूटन १६४२च्या नाताळात जन्मला. गॅलिलिओची तारीख ज्या नव्या दिनदर्शिकेची आहे, त्यात न्यूटनची तारीख ४ जानेवारी १६४३ होते. पुन्हा तेच, गुरुजींचं १ जून आणि आजीची पिठोरी.

तुम्ही मृत्यू घेतले नाहीत, पण दोन घ्या असं मी सुचवेन. २४ एप्रिल १९४२ला पुण्यात मास्टर दीनानाथ गेले. थोरली लता १२ वर्षांची होती आणि त्याच वर्षी तिला सिनेमात कामाला उभं राहावं लागलं. आणि १५ ऑगस्टला, कैदेच्या पहिल्याच आठवड्यात, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये महादेवभाई देसाई गेले. ‘१५ ऑगस्ट’ ही तारीख पाच वर्षं आधी कशी दिसत होती, ते त्या नोंदीत आहे.

पानांची मांडणी विचारलीत म्हणून सांगतो. डाव्या पानावर ‘गावात पोचलेलं’: सिंगापूर, रंगूनचा तांदूळ, टोब्रुक, ऑगस्ट, आणि सगळ्यांत ठळक १० सप्टेंबर. त्याच्या लगेच खाली १२ सप्टेंबर, वडिलांचा जन्म, इतर घटनांच्याच टायपात. उजव्या पानावर वरती ‘वर्गातली मुलं’, खाली ‘हे नंतर कळलं’. एकूण पंचविसाच्या वर नोंदी जाऊ देऊ नका. बाकीच्या सव्वाशे नोंदी फायलीत राहू द्या, फेकू नका.

छापायला टाकण्याआधी एक खेप तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूमला घाला आणि १९४२च्या कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीच्या, नकलेसाठी अर्ज करा. नोंद मोडी लिपीत असू शकते, तेव्हा वाचणारा माणूस आधी गाठून ठेवा. सप्टेंबरची पानं बघा, जून नव्हे. आणि वडिलांचं नाव शोधत बसू नका. नोंद बारशाच्या आधीची असायची, त्यामुळे आजोबांचं नाव आणि पुढे ‘मुलगा’ एवढंच मिळेल.